झायलिटॉल आणि दात: किती घ्यायचं, कधी घ्यायचं आणि कुठे थांबायचं

नागपुरातल्या कुठल्याही घरातला साधा दिवस घ्या. उठल्यावर चहा. नऊच्या सुमारास तर्री पोहे आणि त्यावर परत चहा. ऑफिसात अकराचा चहा, दुपारी जेवणानंतर बडीशेपेच्या रंगीत गोड गोळ्या, चारला बिस्किटासोबत चहा, संध्याकाळी कोणी आलं की त्यांच्यासोबत आणखी एक कप. प्रत्येक वेळी साखर चमचाभरच असते, म्हणून माणूस म्हणतो, "मी गोड फार खात नाही." दातांचा हिशेब मात्र वेगळा आहे. दिवसभरात किती साखर पोटात गेली यापेक्षा ती कितीदा तोंडात आली, यावर दाताची कीड जास्त अवलंबून असते.

कारण असं. दातांवर जंतूंचा चिकट थर असतो. साखर आली की हे जंतू ती खातात आणि आम्ल सोडतात. काही मिनिटांतच त्या थराचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली जातो आणि इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. लाळ हळूहळू ते आम्ल कमी करते आणि गेलेली खनिजं काही प्रमाणात परत बसवते, पण त्यासाठी अर्धा तास, कधी तासभरही लागतो. वरच्या दिवसात असे हल्ले सहा-सात वेळा झाले. चहा घोट-घोट करत अर्धा तास पुरवला, तर तो हल्ला तेवढा लांबला. दुरुस्तीला वेळ मिळतच नाही.

झायलिटॉल या साखरेसारख्या गोड पदार्थाचा उपयोग या ठिकाणी आहे. मी दंतवैद्य म्हणून ते अनेकांना सुचवते, आणि तितक्याच जणांना ते कमी करायला सांगते. दातांसाठी झायलिटॉल चांगलं आहे, पण ग्रॅममध्ये मोजून आणि ठरलेल्या वेळी. किलोने आणून साखरेच्या डब्यात भरायची ही वस्तू नाही. पुढचं सगळं याच धोरणाने लिहिलं आहे.

आधी वस्तू ओळखून घ्या

झायलिटॉल पांढरं, दाणेदार, साखरेसारखंच दिसतं आणि जवळपास तितकंच गोड लागतं. रसायनशास्त्रात ते शर्करा-अल्कोहोल किंवा पॉलिऑल गटात मोडतं. नावात अल्कोहोल असलं तरी दारूशी त्याचा संबंध नाही. एका ग्रॅममागे साधारण २.४ कॅलरी मिळतात, साखरेतून ४. जिभेवर ठेवलं की गार वाटतं, कारण विरघळताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं.

फुलकोबी, आलुबुखार, स्ट्रॉबेरी यांत ते अगदी थोडं असतं. आपलं शरीरही रोज काही ग्रॅम तयार करतं. बाजारातलं झायलिटॉल मात्र कारखान्यात बनतं. मक्याची कणसं किंवा बर्चसारख्या झाडांचं लाकूड यांतून झायलोज नावाची शर्करा काढतात आणि तिच्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करतात. पाकिटावर 'नैसर्गिक' लिहिलेलं दिसलं तर फार भारावून जाऊ नका, आणि कारखान्यातलं म्हणून घाबरूही नका.

१८९१ च्या सुमारास जर्मनीत एमिल फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्याने, तर फ्रान्समध्ये बर्त्राँ यांनी स्वतंत्रपणे ते तयार केलं. दुसऱ्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली तेव्हा फिनलंडचं त्याकडे लक्ष गेलं. दातांचा संबंध पुढे आला तो तिथल्या तुर्कू शहरात. १९७० च्या दशकात शायनिन आणि माकिनेन या संशोधकांनी १२५ जणांचे तीन गट केले. एका गटाने नेहमीची साखर खाल्ली, दुसऱ्याने फ्रुक्टोज आणि तिसऱ्याने झायलिटॉल. दोन वर्षांनी झायलिटॉलच्या गटात नवी कीड फारच कमी निघाली. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये पहिलं झायलिटॉल च्युइंगम विक्रीला आलं.

ते जंतूंचं काय करतं

दात किडवणाऱ्या जंतूंमध्ये स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा मोठा गुन्हेगार. झायलिटॉल समोर आलं की तो ते फ्रुक्टोज समजून आत ओढतो, त्यासाठी ऊर्जा खर्च करतो, आणि आत घेतल्यावर त्याचं काहीच करू शकत नाही. भुईमुगाची पोकळ शेंग फोडावी तसं: मेहनत गेली, दाणा नाही. मग ते बाहेर टाकायला परत ऊर्जा लागते. जंतू अशक्त होतो, आम्ल बनत नाही, आणि दाताला चिकटून राहण्यासाठी तो जो लगदा तयार करतो तोही कमी होतो.

दुसरा फायदा चघळण्याचा. च्युइंगम चघळलं की लाळ वाढते. लाळ म्हणजे दाताचं स्वतःचं औषध. हा फायदा साखर नसलेल्या कुठल्याही च्युइंगमने मिळतो, त्याचं सगळं श्रेय झायलिटॉलला देता येत नाही.

पुरावा किती पक्का आहे, हेही सांगायला हवं. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. मुलांमध्ये नुसत्या फ्लोराइड पेस्टपेक्षा फ्लोराइडसोबत १० टक्के झायलिटॉल असलेल्या पेस्टने अडीच-तीन वर्षांत कीड साधारण १३ टक्के कमी झाली, पण हा पुरावाही कमी दर्जाचा ठरला. च्युइंगम, गोळ्या, सिरप यांच्याबद्दल ठाम बोलण्याइतकी माहिती त्यांना मिळाली नाही. अमेरिकेत ६९१ प्रौढांनी ३३ महिने रोज ५ ग्रॅमच्या हिशेबाने झायलिटॉलच्या गोळ्या घेतल्या. एकूण किडीत म्हणावा असा फरक पडला नाही, पण दाताच्या मुळावरची कीड मात्र सुमारे ४० टक्क्यांनी कमी होती. हिरड्या खाली सरकून ज्यांची मुळं उघडी पडली आहेत, अशा साठीपुढच्या माणसांसाठी ही मोलाची गोष्ट आहे.

म्हणून झायलिटॉल पाया होऊ शकत नाही. पायावर घातलेला एक जास्तीचा थर म्हणूनच त्याच्याकडे बघा.

पायरी १: दोन दिवसांची नोंद

काही विकत घेण्याआधी कागद घ्या. एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस, तोंडात पाण्याशिवाय जे काही गेलं त्याची वेळ लिहा. चहा, कॉफी, बिस्कीट, शेव, केळं, सर्दी-खोकल्याची चोखायची गोळी, गोड सुपारी, सगळं. प्रमाण लिहायची गरज नाही, फक्त वेळ आणि वस्तू.

मग जेवण सोडून जितक्या वेळा गोड किंवा पिठूळ काही गेलं त्यावर गोल करा. चारच्या वर गोल असतील, तर झायलिटॉलचा विचार करण्याआधी त्यातले दोन पुसता येतात का ते बघा. बहुतेकांचे पुसता येतात. अकराच्या चहातली साखर सोडता येते. बिस्कीट जेवणासोबतच खाता येतं. जे उरतील, ज्यांना हात लावता येत नाही, त्या प्रत्येकापुढे झायलिटॉलची जागा आहे. तुमचं वेळापत्रक या कागदातूनच निघेल, कुणा दुसऱ्याचं उपयोगी पडणार नाही.

मुलांचा कागद वेगळा करा. तान्ह्या पोळ्याला पोट्टे लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरतात आणि पिशवीभर खाऊ घेऊन येतात. तो खाऊ हिसकावून घ्यायचं काही कारण नाही. जेवणानंतर बसून एका वेळी हवा तेवढा खाऊ द्या आणि पिशवी वर ठेवा. तीच पिशवी आठवडाभर मुलाच्या हाताशी राहिली, तर दर तासाला एक चॉकलेट तोंडात जातं आणि दातांचं खरं नुकसान त्यातून होतं.

पायरी २: फ्लोराइड पेस्ट आधी, बाकी नंतर

दिवसातून दोनदा फ्लोराइड पेस्टने घासणं, त्यातलं एक झोपायच्या आधी. हे होत नसेल तर झायलिटॉलवर पैसे खर्च करू नका. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) फ्लोराइडला परवानगी आहे. आकडा ट्यूबवर छापलेला असतो. 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं, त्यामुळे मागची बाजू वाचाच. घासून झाल्यावर थुंका, चुळा भरभरून पेस्ट धुऊन टाकू नका. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, आणि ब्रश मोठ्यांच्या हातात.

विदर्भात इथे एक प्रश्न हमखास येतो. यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या अनेक गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे आणि मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग दिसतात. असं पाणी पिणाऱ्या लहान मुलांसाठी कुठली पेस्ट, हे दंतवैद्याला विचारूनच ठरवा. फ्लोराइडसाठी पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. नागपूर शहराच्या नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं. घरात बोअरवेलचं पाणी पीत असाल तर एकदा तपासून घ्या. तुरटी आणि चुन्याने पाण्यातलं फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत आपल्याच शहरातल्या 'नीरी' या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली आहे, हे फार जणांना माहीत नसतं आणि माहीत असायला हवं. अशा भागातल्या मुलांसाठी झायलिटॉलचा विचार जास्त करण्यासारखा आहे, कारण त्यात फ्लोराइडचा प्रश्नच नाही.

पायरी ३: पाकीट वाचून खरेदी

सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात. 'शुगर फ्री' म्हणजे झायलिटॉल असं समजू नका. चहात टाकायच्या छोट्या गोळ्यांमध्ये सहसा सुक्रलोज, अॅस्पार्टेम किंवा स्टेव्हिया असतं. ते दात किडवत नाहीत, पण वर सांगितलेला जंतूंवरचा परिणाम झायलिटॉलचा आहे, त्यांचा नाही. आपल्याकडच्या साखरमुक्त च्युइंगममध्ये बऱ्याचदा सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल मुख्य असतं आणि झायलिटॉल नावापुरतं.

घटकांची यादी बघा. त्यात नावं नसतील तर आकडे असतील: झायलिटॉल म्हणजे ९६७. सॉर्बिटॉल ४२०, मॅनिटॉल ४२१, माल्टिटॉल ९६५, एरिथ्रिटॉल ९६८. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. गोड घटकांमध्ये ९६७ सर्वात आधी आलं पाहिजे. ते सॉर्बिटॉलच्याही मागे, शेवटी कुठेतरी असेल, तर ते पाकीट परत ठेवा. एका नगात किती ग्रॅम झायलिटॉल आहे हे लिहिलेलं असेल तर उत्तम. पूर्ण झायलिटॉलवर बनलेल्या च्युइंगमच्या एका नगात साधारण १ ग्रॅमच्या आसपास असतं. आकडा लिहिलेलाच नसेल, तर तुम्ही दिवसाला किती घेता हे मोजणार कसं?

आणखी एक गोष्ट पाकिटावर शोधा: ३३० हा आकडा, म्हणजे सायट्रिक आम्ल. संत्रं, लिंबू, बेरी अशा चवीच्या चोखायच्या गोळ्यांमध्ये ते असतं. संत्र्याच्या गावात राहून मी हे सांगते आहे, तरी सांगते: दातांसाठी घेत असाल तर पुदिन्याची चव घ्या. आंबट गोळी दहा मिनिटं दातांशी घोळवली तर तिचं आम्ल थेट इनॅमलवर बसतं, मग त्यात जंतूंचा हात असो वा नसो.

कुठला प्रकार निवडायचा? चघळता येतं त्यांना च्युइंगम सर्वात चांगलं. कवळी, दातांना लावलेल्या तारा किंवा जबड्याच्या सांध्याचं दुखणं असेल तर चोखायच्या गोळ्या. पेस्टमध्ये असेल तर बरंच, फक्त सोबत फ्लोराइड हवंच. माउथवॉशमध्ये प्रमाण कमी असतं, त्यासाठी मुद्दाम जास्त पैसे देऊ नका. सुटी पावडर मोठ्या औषध दुकानांत किंवा ऑनलाइन मिळते. तिची किंमत साखरेच्या कितीतरी पट असते.

पायरी ४: मात्रा हळूहळू वाढवा

ध्येय: दिवसाला ५ ते ६ ग्रॅम, तीन ते पाच वेळांत विभागून. अभ्यासांमध्ये साडेतीन ग्रॅमच्या खाली जंतूंवर फारसा परिणाम दिसला नाही, आणि दहा ग्रॅमच्या वर गेल्याने जास्तीचा फायदाही नाही. एकदाच सहा ग्रॅम घेऊन उपयोग होत नाही. परिणाम वारंवारतेवर आहे.

पहिल्या आठवड्यात फक्त दोन वेळा, प्रत्येकी १ ग्रॅम. पोट ठीक असेल तर दुसऱ्या आठवड्यात तीन वेळा. तिसऱ्या आठवड्यात नोंदीच्या कागदावरच्या उरलेल्या जागा भरा. लहान आतड्यात झायलिटॉल पूर्ण शोषलं जात नाही, उरलेलं मोठ्या आतड्यात पाणी ओढतं आणि तिथले जंतू ते आंबवतात. त्यामुळे एकदम जास्त घेतलं तर पोट फुगतं, गुडगुडतं, पातळ होतं. पॉलिऑलमुळे पोट सुटू शकतं, अशी सूचना पाकिटांवर असते ती यासाठीच. बहुतेकांच्या आतड्यांना काही आठवड्यांत सवय होते. ज्यांना आधीपासून आतड्यांच्या संवेदनशीलतेचा त्रास आहे त्यांनी १ ग्रॅमनेच सुरुवात करावी आणि त्रास झाला तर सोडून द्यावं.

वेळ: खाणं-पिणं संपल्याबरोबर. आम्ल चढायला लागतं तेव्हाच लाळ हवी. च्युइंगम निदान पाच मिनिटं चघळा. त्यातलं झायलिटॉल पहिल्या काही मिनिटांतच बाहेर येतं, पुढे चघळणं फक्त लाळेसाठी. तासभर चघळू नका, जबडा दुखतो. गोळी असेल तर दाताने फोडू नका, गालात विरघळू द्या.

एक उदाहरण देते. पोहे-चहा झाला, एक नग. अकराच्या चहानंतर एक. दुपारच्या जेवणानंतर दोन. चारच्या चहानंतर एक. रात्रीच्या जेवणानंतर एक, मग झोपायच्या आधी ब्रश, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. एका नगात १ ग्रॅम धरला तर सहा ग्रॅम झाले.

फरक कधी दिसेल? दातांवरचा चिकटपणा काही आठवड्यांत कमी झाल्यासारखा वाटू शकतो. किडीचा हिशेब मात्र वर्ष-दोन वर्षांनीच लागतो. मध्येच सोडलं की परिणामही ओसरतो.

पायरी ५: स्वयंपाकघरात कितपत

चहात चालतं. एक सपाट चमचा म्हणजे साधारण ४ ग्रॅम, आणि गोडी साखरेइतकीच. दोन कपांत एकेक चमचा घातला तर ८ ग्रॅम तिथेच झाले, मग च्युइंगम त्यानुसार कमी करा. हा हिशेब फार लोक विसरतात आणि मग पोट बिघडलं म्हणून येतात.

थंड पदार्थांत ते छान लागतं, श्रीखंडात किंवा गार खिरीत तो गारवा खपून जातो. गरम शिऱ्यात तोच गारवा विचित्र वाटतो. साखरेसारखं ते करपून तपकिरी होत नाही, त्यामुळे साखरेच्या पाकावरची चिक्की त्यात जमत नाही. यीस्टला ते खाता येत नाही, म्हणून पाव फुगत नाही. लिंबू सरबतात किंवा पन्ह्यात घातलं तर साखर गेली, पण आंबटाचं आम्ल तसंच राहतं. ते एका बैठकीत पिऊन टाका, बाटलीतून घोट-घोट नको.

झायलिटॉलची बर्फी किंवा लाडू करून पाहुण्यांना वाढू नका. एका माणसाच्या पोटात सहज वीस-तीस ग्रॅम जाईल आणि रात्री त्याला झोप येणार नाही. संत्रा बर्फी खायची तर खरी खा, जेवणानंतर, एकदा, आणि मग च्युइंगम चघळा.

मोठ्या मात्रेबद्दल दुसरं कारणही आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांचा अभ्यास 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये आला. रक्तात झायलिटॉलची पातळी जास्त असलेल्यांमध्ये पुढच्या तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना जास्त आढळल्या. दहा निरोगी माणसांना ३० ग्रॅम झायलिटॉल पाण्यातून दिल्यावर त्यांच्या रक्तातल्या, गुठळी बनवणाऱ्या पेशी काही काळ जास्त सक्रिय झाल्या. झायलिटॉलमुळेच झटके आले, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. शरीर स्वतःही ते बनवतं. पण ज्यांना स्टेंट आहे, झटका किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांनी ते साखरेसारखं चमच्याने वापरू नये, आणि च्युइंगम सुरू करण्याआधीही हृदयरोगतज्ज्ञांना विचारावं, असं मी सांगते. एका वेळी १ ग्रॅम आणि एका वेळी ३० ग्रॅम यांत फार अंतर आहे, ते अंतर राखा.

मधुमेहींसाठी झायलिटॉल रक्तातली साखर साखरेच्या तुलनेत फारच कमी वाढवतं. तरी कॅलरी आहेतच. औषधांची मात्रा ठरलेली असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालून सुरू करा.

कुणाला खरंच द्यावं

गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या आयांना मी याबद्दल आवर्जून सांगते. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या तोंडात म्युटन्स नसतो. तो बहुतेक वेळा आईकडूनच येतो: चमचा चाखून तोच बाळाला भरवताना, खाली पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात धरून पुसताना. फिनलंडमधल्या यलीविएस्का इथल्या अभ्यासात आयांनी बाळ तीन महिन्यांचं असल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंत झायलिटॉल च्युइंगम चघळलं. दोन वर्षांच्या वयात त्यांच्या सुमारे १० टक्के मुलांमध्ये हा जंतू सापडला. दातांवर फ्लोराइड वार्निश, म्हणजे फ्लोराइडचा लेप, लावलेल्या आयांच्या मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ४९ टक्के होतं. बाळाला काहीच द्यावं लागलं नाही, फक्त आईने चघळलं. घरात आजी भरवत असेल तर आजीच्या तोंडाकडेही लक्ष द्या.

तोंड कोरडं पडणाऱ्यांना याचा आधार मोठा आहे. रक्तदाब, नैराश्य, अॅलर्जी यांची काही औषधं लाळ कमी करतात. डोक्या-मानेला रेडिएशन घेतलेल्यांची लाळ तर इतकी कमी होते की काही महिन्यांत दात हिरडीजवळ गोल किडतात. त्यांनी रेडिएशनच्या आधीच दंतवैद्याकडे जावं, आणि नंतर लाळेसाठी गोळ्या, जास्तीचं फ्लोराइड आणि पाणी एकत्र चालू ठेवावं. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा धडधाकट माणसाचंही तोंड सुकतं आणि हात कोल्ड्रिंककडे जातो. त्याऐवजी साधं पाणी, मठ्ठा, आणि मधून एखादं च्युइंगम. ते गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, उन्हात लगदा होतो.

चार वर्षांखालच्या मुलाला च्युइंगम किंवा गोळी देऊ नका, घशात अडकते. पाच-सहा वर्षांनंतर, चघळून थुंकता येत असेल तर दिवसाला तीन-चार ग्रॅमपर्यंत, तेही ज्याचे दात वारंवार किडतात त्यालाच.

खर्रा खाणाऱ्यांसाठी वेगळं

आपल्या शहरात हे लिहिल्याशिवाय दातांचा कुठलाही लेख पुरा होत नाही. खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण, सोडायला म्हणून काही जण झायलिटॉल च्युइंगम धरतात. तोंडाला चाळा म्हणून त्याची मदत होऊ शकते, पण त्यात निकोटिन नाही, त्यामुळे तलफ ते भागवणार नाही. त्यासाठी निकोटिनचं वेगळं च्युइंगम असतं, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचं. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे.

सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तंबाखू नसली तरी. तिने गालाची आतली कातडी आक्रसते आणि तोंड उघडणं कमी होत जातं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील, तिखट लागल्यावर तोंडाची आग होत असेल, किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर च्युइंगम चघळायचं थांबवा आणि आधी तपासून घ्या. मेडिकल चौकाजवळचं शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय किंवा हिंगणा रोडवरचं, डिगडोहचं दंत महाविद्यालय, कुठेही जा, पण त्याच आठवड्यात जा.

झायलिटॉल काय करू शकत नाही

पडलेला खड्डा ते बुजवत नाही. दाताचं दुखणं ते थांबवत नाही. हिरड्यांतून रक्त येत असेल तर साफसफाई लागते. दातावर नुकताच आलेला खडूसारखा पांढरा डाग मात्र फ्लोराइड, कमी वेळा साखर आणि चांगली लाळ मिळाली तर थांबू शकतो, कधी उलटूही शकतो. असे डाग दिसल्याबरोबर सुरू करा. दर सहा महिन्यांनी तपासणीला जाताना दिवसाला किती ग्रॅम घेता हे दंतवैद्याला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करता येईल.

घरात कुत्रा असेल तर

हे वाचल्याशिवाय पाकीट घरात आणू नका. माणसाला निरुपद्रवी असलेलं झायलिटॉल कुत्र्याला विष आहे. कुत्र्याच्या शरीरात त्याने इन्सुलिन एकदम सुटतं आणि रक्तातली साखर कोसळते. वजनाच्या एका किलोमागे ०.१ ग्रॅम एवढंही त्यासाठी पुरतं, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एकच नग धोक्याचा. किलोमागे अर्धा ग्रॅम गेला तर यकृत निकामी होण्याची भीती असते. उलटी, झोकांड्या, थरथर, झटके ही लक्षणं अर्ध्या-एक तासात दिसू शकतात, कधी उशिराही. लक्षणांची वाट न बघता कुत्र्याला घेऊन निघा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या पशुवैद्याकडे जा आणि पाकीट सोबत न्या, म्हणजे किती ग्रॅम पोटात गेलं ते त्यांना मोजता येईल. पाकीट उंच, बंद डब्यात ठेवा. पर्समध्ये असेल तर पर्स खाली ठेवू नका. चघळलेलं च्युइंगम कागदात गुंडाळून झाकणाच्या कचरापेटीत टाका, रस्त्यावर नाही. मोहल्ल्यातली कुत्री कुणाच्या दारची नसली तरी ती ते उचलून खातात.